‘मी त्यांना ओळखतो’ असं कुणी जाहीरपणे म्हटलं, तर नेमका अर्थ काय घ्यायचा?

नुसत्या ‘ओळखतो’वरून फारसं काही ठरत नाही, कारण हे क्रियापद एकतर्फीही चालतं. फोटो पाहून नाव सांगता आलं तरी ‘ओळखलं’, आणि २० वर्षं शेजारच्या टेबलावर काढली तरी ‘ओळखतो’च. ‘त्यांची माझी ओळख आहे’ म्हटलं की मात्र समोरच्यालाही आपण ठाऊक असल्याचा दावा होतो, आणि तो समोरचा खोडू शकतो. म्हणून सावध माणूस पहिल्याच वाक्यावर थांबतो. (‘ओळखून आहे’ हे तर वेगळंच प्रकरण. त्यात जवळीक नाही, ‘त्याचे डाव कळतात’ असा टोमणा आहे.)

खरी मेख नकारात असते. ‘मी त्यांना व्यक्तिशः ओळखत नाही.’ या एका ‘व्यक्तिशः’मुळे फोन, मध्यस्थ, पैशांचा व्यवहार, सगळ्याला जागा उरते. तेव्हा पुढचा प्रश्न ‘ओळखता का?’ असा नको. ‘कधी भेटलात, बोललात, व्यवहार केलात का?’ असा सुटा विचारा.

स्वतः निवेदन देताना क्रियापद टाळून तपशील लिहा: ‘२०१९ ते २०२१ एकाच विभागात होतो, त्यानंतर संपर्क नाही.’