सेटलमेंट केल्यावर सिबिल खरंच साफ होतं का?

तुम्ही लिहिलंय की क्रेडिट कार्डाचे 60 हजार थकलेत आणि वसुलीवाला म्हणतोय, ‘25 हजार एकरकमी भरा, सिबिल साफ होईल.’

नाही होणार. खातं मिटेल, पण तुमच्या कर्जफेडीची नोंद असते त्या क्रेडिट अहवालात त्यापुढे ‘सेटल्ड’ लागेल. म्हणजे उरलेले पैसे बँकेने सोडून दिले. मी एका नागरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात आहे. गृहकर्जाच्या फाइलमध्ये स्कोअरच्याही आधी मी हेच शोधतो.

शिवाय वसुली एजंटला तुमच्या अहवालात काहीच बदलता येत नाही. माहिती पाठवते ती बँक, आणि ती जाते हे अहवाल बनवणाऱ्या चार कंपन्यांकडे: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. या कंपन्या नोंदी किमान 7 वर्षं ठेवतात. त्यामुळे एजंटच्या तोंडी शब्दावर एक रुपयाही भरू नका. थेट बँकेशी बोला, दंड आणि व्याजात सूट मागा, आणि भरल्यावर खातं ‘क्लोज्ड’, म्हणजे पूर्ण फेडून बंद, दाखवणार की ‘सेटल्ड’, हे आधी बँकेच्या पत्रावर लिहून घ्या. सूट घेतली तरी काही बँका ‘सेटल्ड’च लावतात, म्हणून हे पत्र महत्त्वाचं. पैसे बँकेच्या खात्यातच जाऊ द्या, एजंटच्या यूपीआयवर नको. नंतर नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नाही असं बँकेचं पत्र, घ्या आणि जपून ठेवा.

पण घरात खरोखरच ओढाताण असेल, मुलांची फी की कार्डाचं बिल अशी वेळ आली असेल, तर सेटलमेंट करा. थकबाकी तशीच वाढत राहण्यापेक्षा ते बरं. यात कमीपणा काही नाही. पुढे हातात पैसे आले की उरलेली रक्कम भरून खातं ‘क्लोज्ड’ करून द्याल का, असं बँकेला विचारता येतं. बऱ्याच बँका करतात.

महिना-दीड महिन्याने चारही अहवाल बघा. प्रत्येक कंपनीकडून वर्षाला एक अहवाल फुकट मिळतो. नोंद चुकीची असेल तर तक्रार टाका. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. एप्रिल 2024 पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तिथे फी लागत नाही.

आणि एजंट सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर फोन करत असेल, नातेवाइकांना त्रास देत असेल, तर तेही नियमाबाहेर आहे. कॉलची नोंद ठेवा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा.