खंदकांमागची इंजिनं आणि आपली छोटी लाइन

प्रश्न : ग्वाल्हेर-श्योपूर छोट्या (नॅरोगेज) लाइनवर आजोबांचं बोट धरून फिरलो. ते सांगायचे, पहिल्या महायुद्धातली इंजिनंही हिंदुस्थानात राबली. खरं का?
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : आजोबा खरंच सांगत होते. 1916-17मध्ये अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्यानं ब्रिटिश फौजेसाठी अशी 495 इंजिनं बांधली. रूळ 600 मिलिमीटरचे, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर तेवढं. आपल्या लाइनपेक्षा जेमतेम सेंटिमीटरभर अरुंद. फ्रान्समध्ये ती तोफगोळे आणि रसद खंदकांच्या दिशेनं ओढत. अगदी आघाडीवर मात्र पेट्रोलची इंजिनं, कारण दिवसा धूर दिसला की तोफा सुरू! पाणी संपलं तर वाफेच्या जोरावर, नळीनं, गोळ्यांनी पडलेल्या खड्ड्यांतलंही ओढून घेत.

युद्ध संपलं आणि त्यांतली काही उत्तरेच्या साखर कारखान्यांत ऊस ओढायला आली. मी फिटर. उमेदीच्या वर्षांत अशाच एकाच्या पोटाखाली आडवा पडून काम केलंय. अंगानं उंच, अरुंद, दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या. त्यामुळे डोलायचं फार. पुढे चार लहान चाकं वाट दाखवायला, मागे एकही नाही. म्हणून उलटं चालवताना रुळावरून उतरायचं. मग जॅक, लाकडी ठोकळे आणि आम्ही चौघं, उसाच्या पाचटात गुडघाभर. तरी हंगामात त्यानं एकदाही गाळप थांबू दिलं नाही. फार गुणी इंजिन.

यांतली काही पुढे इंग्लंडला गेली, दुरुस्त होऊन पुन्हा वाफेवर धावली. आपली लाइन 2020मध्ये थांबली. आजोबांच्या आठवणी लिहून काढा, आजच.