पार्किन्सन असलेल्या वडिलांना दुपारी दम लागतो, पण एक्स-रे आणि इको ठीक आहेत. कारण काय असेल?

वडिलांना ७ वर्षांपासून पार्किन्सन आहे आणि रोज दुपारच्या सुमारास त्यांना श्वास पुरत नाही, असे आपण लिहिले आहे. मी डॉक्टर नाही; माझे बाबा गुहागर तालुक्यात राहतात, त्यांना हा आजार १२ वर्षे आहे आणि हाच त्रास आम्हीही काढला आहे. हृदय व फुफ्फुसे आधी तपासून घेतलीत हे योग्यच केलेत. आता त्रासाची वेळ पाहावी.

बाबा साडेअकराच्या सुमारास ओटीवरचा खांब धरून बसत, खांदे वर ओढून श्वास घेत आणि छातीला कुणी पंचा आवळून बांधल्यासारखे वाटते म्हणत. ऑक्सिमीटरवर ९७ दिसत असल्यामुळे घरात सर्वांना ते उगाच घाबरतात असे वाटे, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. मग मी १५ दिवस एका वहीत गोळीची आणि दम लागण्याची वेळ लिहिली. लेवोडोपाची (पार्किन्सनमधला ताठरपणा कमी करणाऱ्या मुख्य औषधाची) गोळी सकाळी ८ ला व नंतर दुपारी १ ला असे, आणि दम लागे तो पहिल्या गोळीचा असर ओसरताना. त्याच वेळी हात ताठरत आणि आवाजही खोल जाई. बरगड्यांमधले स्नायू ताठरले की फुफ्फुसे निरोगी असूनही छाती पुरेशी फुलत नाही. वही पाहून न्यूरॉलॉजिस्टनी दोन गोळ्यांमधले अंतर कमी केले आणि गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायला सांगितली, कारण मासळी किंवा डाळीतली प्रथिने लेवोडोपाच्या शोषणाच्या आड येतात. त्रास पूर्ण गेला नाही, पण बाबा पुन्हा आगरात फेरी मारू लागले.

याउलट गोळीनंतर तासाभरात, अंग आपोआप वळवळत असताना दम लागत असेल, तर औषध जास्त होत असण्याची शक्यता असते. आपल्याकडे खाजकुहिलीच्या बियांचे चूर्ण सुचवणारे पुष्कळ भेटतात. त्या बियांत लेवोडोपाच असतो, म्हणून डॉक्टरांना न सांगता ते देऊ नये.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती गिळण्याची. पाणी किंवा सोलकढी पिताना ठसका लागणे, जेवणानंतर आवाज ओला, घरघरल्यासारखा होणे ही अन्नपाणी श्वासनलिकेत जात असल्याची चिन्हे असू शकतात, आणि त्यातून होणारा न्यूमोनिया हे या आजारातील मृत्यूचे एक मोठे कारण आहे. कधी कधी तर ठसकाही लागत नाही. बाबांना आम्ही ताठ बसवून, लहान घोटांनी पाजतो. पातळ पेजेऐवजी दाट पेज त्यांना सोपी जाते, हे गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टने दाखवून दिले.

अचानक दम लागला, ताप आला, ओठ निळसर झाले किंवा श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर वहीत नोंद करत न बसता त्यांना ताबडतोब रुग्णालयात न्यावे, सोबत गोळ्यांची यादी व वेळा द्याव्यात आणि तेथे लेवोडोपाच्या वेळा चुकणार नाहीत याकडे स्वतः लक्ष ठेवावे.