होडीचा नांगर पाण्यात हलका आणि वर काढताच जड का लागतो? खोल पाण्यात तो आणखी हलका होतो का?

नांगर जेवढं पाणी बाजूला सारतो, तेवढ्याच पाण्याच्या वजनाइतका आधार पाणी त्याला खालून देतं. खोलीने त्यात फरक पडत नाही. नांगराच्या वरच्या बाजूपेक्षा खालच्या बाजूवर पाण्याचा दाब जास्त असतो आणि हा फरक दोन वावांवर (वाव म्हणजे सुमारे सहा फूट खोली) काय, दहा वावांवर काय, सारखाच राहतो.

समुद्राचं पाणी लिटरला सुमारे १.०२५ किलो भरतं. २० किलोचा लोखंडी नांगर अडीच लिटर पाणी सारतो, म्हणजे पाण्यात साडेसतरा किलो उरतो. तेवढ्याच वजनाचा काळा दगड सात लिटर सारतो आणि पावणेतेरावर येतो! म्हणून दगडाचा नांगर करायचा तर लोखंडापेक्षा बराच जड घ्यावा. जांभा नकोच, तो त्याहून हलका पडतो. पाण्याबाहेर येताना दोरीला हिसका बसतो तो हा आधार सुटल्यामुळे, शिवाय नांगराला चिकटलेला चिखल असतोच.

मात्र खाडीच्या चिखलात रुतलेल्या नांगराला हा हिशोब लागू नाही. चिखल त्याला धरून ठेवतो, खाली पाणी शिरत नाही, त्यामुळे उपटताना पूर्ण वजनापेक्षाही जास्त ओढ लागते. तिथे होडी नांगराच्या बरोबर वर आणून, दोरी ताणून धरावी आणि हळूहळू पाणी शिरू द्यावं.