चार इंची भिंत आणि साडेआठ लाखांचं मॉडेल

प्रश्न : विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आमची ४० घरांची म्हाडाची सोसायटी आहे. स्वयंपुनर्विकास करायचं ठरलंय. आर्किटेक्ट म्हणतात, इमारतीचं डिजिटल मॉडेल, म्हणजे बीआयएम, करून घ्या; साडेआठ लाख वेगळे लागतील, पण खर्च ताब्यात राहील. निम्मे सभासद म्हणतात, व्हिडिओ बघायला एवढे पैसे कशाला? त्यापेक्षा चांगल्या टाइल्स लावू. मी सभेत काय सांगू?
– एक सेक्रेटरी

उत्तर : घ्या करून. पण हातात नुसता व्हिडिओ मिळणार असेल, तर तुमच्या सभासदांचंच बरोबर आहे.

मी २६ वर्षं बांधकामाची मोजमापं काढते आहे. कागदी नकाशात भिंत म्हणजे दोन रेघा. लांबी नकाशावरून घ्यायची, उंची सेक्शनवरून, म्हणजे उभ्या छेदाच्या नकाशावरून, आणि गुणाकार करायचा. पुढे कुणी भिंत सरकवली की सगळं नव्याने काढावं लागतं. घाईत ते कुणी काढत नाही आणि सहा महिन्यांनी बिलात ‘एक्स्ट्रा आयटम’ म्हणून समोर येतं. मॉडेलमधली भिंत स्वतःची लांबी, उंची, जाडी, कुठल्या ब्लॉकची ते सगळं बाळगून असते. तिला दर जोडला की बदलाची किंमत तिथल्या तिथे कळते. आपल्याकडे नागपूर मेट्रोने हीच पद्धत वापरली, वेळ आणि खर्च दोन्ही मॉडेलला जोडून.

तुमच्याच घराचं उदाहरण घेऊ. आतल्या भिंती सहा इंची धरल्या असतील आणि त्यातली ८ मीटर लांबी चार इंची केली, तर २.७ मीटर उंचीला एका घरामागे १.०८ घनमीटर ब्लॉककाम वाचतं, ४० घरांचं ४३.२ घनमीटर. रेरा कायद्याच्या व्याख्येत आतल्या भिंतींची जागा कार्पेटमध्येच, म्हणजे घराच्या आतल्या क्षेत्रफळातच, धरतात, म्हणून कागदावरचा कार्पेट तेवढाच राहतो. पायाखालची जागा मात्र घरामागे जवळजवळ सव्वाचार चौरस फुटांनी वाढते. ती पट्टीपट्टीने पसरलेली असते हे खरं, पण लहान घरात दार कपाटाला घासतं की नाही, हे त्या दोन इंचांवरच ठरतं. खर्च कमी झाला आणि घर मोठं झालं, असं एकाच निर्णयात क्वचित घडतं. बाथरूमची आणि ओट्यामागची भिंत मात्र मी सहा इंचीच ठेवीन. तिथे पाइपसाठी झिऱ्या मारतात, वर मांडण्या टांगतात.

आता उलटी बाजू. एका पुनर्वसन इमारतीची बिलं माझ्याकडे होती. स्ट्रक्चरचे नकाशे एका कार्यालयात, प्लंबिंगचे दुसऱ्या. एकमेकांवर ठेवून कुणी पाहिलेच नाहीत. संडासाचा पाइप जिथून उतरायचा तिथे प्रत्येक मजल्यावर बीम निघाला. मग कोअर कटिंग, म्हणजे काँक्रीटला गोल भोक पाडणं, मग बीमची मजबुती, मग पुन्हा वॉटरप्रूफिंग. तिन्ही एक्स्ट्रा आयटम. लोक राहायला आले आणि पहिल्याच पावसाळ्यात एका ताईंनी मला स्वयंपाकघरात नेऊन कढई दाखवली. फोडणीची कढई. छताच्या गळतीखाली ठेवलेली. मॉडेलमध्ये तो पाइप बीममधून जाताना पहिल्याच तपासणीत दिसला असता. साडेआठ लाख जड वाटले की मला ती कढई आठवते.

एक गोष्ट सभेत जरूर सांगा, नाहीतर पुढे भांडणं होतील. मॉडेलचा आकडा आणि बिलाचा आकडा जुळत नाही, आणि त्यात दर वेळी कुणाची लबाडी नसते. बिलं आपण आयएस १२०० प्रमाणे, म्हणजे बांधकाम मोजण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे, मोजतो. दोन्ही बाजूंना सारखंच प्लास्टर असेल, तर ०.५ ते ३ चौरस मीटरच्या उघड्या जागेची वजावट एकाच बाजूची होते. कडांचं प्लास्टर वेगळं मिळत नाही, त्याची ती भरपाई. मॉडेल मात्र दोन्ही बाजू वजा करतं. बेडरूमचं ०.९ बाय २.१ मीटरचं दार घ्या : फरक १.८९ चौरस मीटर. ४० घरांत फक्त त्या एका दारापायी ७५.६ चौरस मीटर. म्हणून मॉडेलमधून परिमाणं काढताना कुठला नियम लावला, हे बीओक्यूच्या, म्हणजे कामांच्या आणि परिमाणांच्या यादीच्या, पहिल्या पानावर लिहून घ्या.

आणि मॉडेलला न दिसणारा खर्चही असतो. बोअर घेऊन माती तपासल्याशिवाय जमिनीखालचं काही कळत नाही. ४० कुटुंबांचं दरमहा भाडं आणि बँकेचं व्याज कुठल्याच भिंतीत नसतं. स्वयंपुनर्विकासात हेच दोन आकडे सोसायटीला दमवतात. म्हणून मॉडेलला कामाचं वेळापत्रक जोडून मागा, आणि स्लॅब महिनाभर लांबला तर भाडं-व्याज किती वाढतं तो तक्ता दर महिन्याला कमिटीपुढे आलाच पाहिजे.

करारात लिहा की मॉडेल सोसायटीच्या मालकीचं, आयएफसी स्वरूपात, म्हणजे कुठल्याही कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडता येईल अशा फाइलमध्ये, आणि शेवटी प्रत्यक्ष बांधलं तसं सुधारून मिळेल. दहा वर्षांनी पंप बदलताना, गळती शोधताना पाइप कुठून गेलाय हे त्यातच सापडेल. हे लिहून द्यायला आर्किटेक्ट तयार नसतील, तर टाइल्सच घ्या.

टेंडर काढण्याआधी एका रविवारी सोसायटीच्या टीव्हीवर मॉडेल लावा आणि ज्या घरात दिवसभर वावरतात त्यांना पुढे बसवा. अशाच एका सभेत एका आजींनी विचारलं होतं, “पाणी गेलं तर पिंप कुठं ठेवू?” मोरीत तेवढी जागाच नव्हती. तिथेच बसून दाराची बाजू बदलली, आणि पिंपाला जागा झाली. खर्चाच्या रकान्यात शून्य फरक.

बीओक्यू हातात आला की प्लास्टरचं पान मला मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. दारांची वजावट मी तपासून देईन.