हिरा वाढतो, पण धातूला धरून राहत नाही

प्रश्न : मी उधन्याला राहते, मूळ गाव धुळे जिल्ह्यात. बारावी सायन्स, ए ग्रुप. पप्पा सुरतच्या एका लॅबग्रोन (प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांच्या) कारखान्यात सीव्हीडी मशीन, म्हणजे वायूतून हिरा वाढवणारं यंत्र, सांभाळतात. हाडात बसवायच्या इम्प्लांटवर हिऱ्याचा थर देतात असं मी वाचलं. मला तेच करायचंय. बायोमेडिकल इंजिनिअरिंग घेऊ का?
– कु. र. पा., सुरत

उत्तर : तू विचारलंस बायोमेडिकलबद्दल, पण मी आधी तुझ्या पप्पांच्या मशीनबद्दल बोलणार आहे. हायड्रोजनमध्ये थोडा मिथेन, मायक्रोवेव्हने पेटवलेला प्लाझ्मा आणि खाली आठ-नऊशे अंशांवर तापलेली हिऱ्याची बी. बीच्या जागी टायटेनियमचा, म्हणजे इम्प्लांटच्या धातूचा, तुकडा ठेवला तरी त्यावर काही मायक्रॉनचा हिरा चढतो. अडचण पुढे येते. एवढ्या तापमानाला टायटेनियम हायड्रोजन पितं आणि ठिसूळ होतं. 882 अंशांच्या वर त्याची स्फटिकरचनाच बदलते. थंड होताना ते हिऱ्याच्या जवळजवळ आठपट आकसतं, त्यामुळे वरचा थर दाबला जाऊन सुटायला बघतो. कोबाल्ट-क्रोम या इम्प्लांटच्या दुसऱ्या मिश्रधातूवर तर आणखी पंचाईत, कारण कोबाल्टच्या सान्निध्यात कार्बन हिरा व्हायचा सोडून ग्राफाइट होतो.

म्हणून अनेकांनी कमी तापमानाला बसणारा हिऱ्यासारखा कार्बन, म्हणजे डीएलसी, वापरून पाहिला. युरोपात खुब्याच्या सांध्याचे असे गोळे रुग्णांना बसवलेही गेले. काही वर्षांतच थराचे पापुद्रे निघाले आणि बऱ्याच जणांची पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. थर कठीण होता. दगा दिला तो थर आणि धातू यांच्या मधल्या सांध्याने, शरीरातल्या द्रवाने तो गंजत गेला. हे तुला घाबरवायला सांगत नाही. तुला ज्या कामात पडायचंय त्याचा गाभा हाच आहे, आणि तो धातुशास्त्राचा आहे.

हिऱ्याचं बरं चाललंय ते वेगळ्या जागी. मेलबर्न विद्यापीठात स्टीव्हन प्रॉवर यांच्या गटाने डोळ्याच्या पडद्यावर बसवायच्या उपकरणासाठी नायट्रोजन मिसळलेल्या, वीज वाहणाऱ्या हिऱ्याचे इलेक्ट्रोड केले आणि आतल्या चिपला डबीही हिऱ्याचीच केली. बोरॉन मिसळलेल्या हिऱ्याच्या इलेक्ट्रोडने मेंदूतलं डोपामिन मोजायचे प्रयोगही झाले आहेत.

आता शाखा. पदवीला बायोमेडिकल घेऊ नकोस. बहुतेक कॉलेजांत त्यात इलेक्ट्रॉनिक्स आणि हॉस्पिटलची यंत्रं जास्त, धातू कमी. मेटलर्जी किंवा मटेरियल्स घे. बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीत मेटलर्जी आहे आणि तुझ्यासाठी ते घरातलंच. नागपूरच्या व्हीएनआयटीतही आहे, पण एनआयटीत ‘होम स्टेट’ बारावी कुठून केली त्यावर ठरतं. गाव धुळ्याचं असलं तरी तिथे तू परराज्यातलीच. मुंबईच्या आयसीटीत ‘सरफेस कोटिंग टेक्नॉलॉजी’ नावाची शाखा दिसेल. नावाला भुलू नकोस, ती रंगांची म्हणजे पेंटची आहे. दर वर्षी कोणीतरी फसतंच!

गणितापेक्षा फिजिक्स जास्त आवडत असेल तर बीएस्सी करून जॅम या प्रवेश परीक्षेमार्गे आयआयटीत एमएस्सी, हाही रस्ता चांगला. आयआयटी मद्रासला 2023च्या अर्थसंकल्पानंतर लॅबग्रोन हिऱ्यांच्या संशोधनासाठी पाच वर्षांत 242 कोटी रुपये मंजूर झाले. तिरुवनंतपुरमची श्री चित्रा ही वैद्यकीय तंत्रज्ञानाची संस्थाही पाहून ठेव. 1990मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवलेली देशी हृदयझडप तिथलीच.

एक गोष्ट पप्पांनाही वाचून दाखव. नुसत्या बी.टेक.वर हिऱ्याच्या इम्प्लांटची नोकरी मिळेल असं समजू नका, एम.टेक. किंवा पीएच.डी. लागेल. मधल्या काळात पोटापाण्याची सोय मात्र होते. पुण्याजवळ भोसरी-चाकणकडे कटिंग टूलवर आणि इंजिनाच्या भागांवर असेच पातळ थर देणारे कारखाने आहेत. थर का सुटतो हे तिथे रोज हाताने कळतं.

तोवर या सुट्टीत पप्पांना तीन गोष्टी विचारून वहीत लिही : प्लेट कधी तडकते, कडेला काळं का धरतं, आणि मिथेन वाढवला की नेमकं काय बिघडतं. त्यांची उत्तरं मलाही वाचायला आवडतील.