रुग्णाचा दिवस विचारून घे

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

वॉर्डातील रुग्णांना दिवसभर काही ना काही करायला देऊनही त्यांच्यापैकी काहींची उमेद का वाढत नाही, हा तुझा प्रश्न रास्त आहे. ऑक्युपेशनल थेरपीच्या, म्हणजे रोजच्या कामांतूनच रुग्णाला सावरण्याच्या विद्येच्या, पहिल्याच नोकरीत तो पडावा, याचे मला समाधान वाटते. हात गुंतला म्हणून माणूस गुंततोच असे नाही. जे काम त्याला आपले वाटते, ज्याच्याशी त्याची घरातील किंवा गावातील जागा जोडलेली असते, तेच त्याला सावरते.

या संदर्भात १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला लॉस एंजेलिसचा अभ्यास तू मुळातून वाच. त्यात साठ वर्षांवरील ३६१ ज्येष्ठांचे तीन गट केले होते. पहिल्या गटाने नऊ महिने ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या मदतीने स्वतःची दिनचर्या तपासली आणि तिची नव्याने आखणी केली, दुसऱ्यासाठी केवळ सामूहिक करमणुकीचे कार्यक्रम होते, तर तिसऱ्यासाठी काहीच नव्हते. आरोग्य, कार्यक्षमता आणि जीवनाविषयीचे समाधान यांत लाभ झाला तो पहिल्या गटाला. नुसता वेळ भरून काढल्याने प्रकृती सुधारत नाही, असेच त्यातून दिसले.

आता तुझ्या वॉर्डातील उदाहरण घेऊ. अर्धांगवायूनंतर एखाद्या आजींचा उजवा हात दुर्बळ झाला आहे आणि त्यांना पुन्हा भाकरी करायची आहे, असे समज. परातीत पीठ मळताना तळहातावर शरीराचा भार येतो, मनगट मागे वाकते, मिटू पाहणारी बोटे उघडतात. थापताना दोन्ही हातांना एकमेकांशी ताल जुळवावा लागतो, आणि ओट्याशी उभे राहिल्याने तोलही सुधारतो. मेंदू हालचाल पुन्हा शिकतो तो सहेतुक आणि पुष्कळ वेळा केलेल्या कृतीतून, आणि भाकरी थापणारी बाई आवृत्त्या मोजत बसत नाही. मात्र पायऱ्या तू ठरवायच्या आहेत: आधी खुर्चीत बसून गव्हाची मऊ कणीक मळणे, मग उभे राहून, मग ज्वारीचे पीठ. हाताची संवेदना कमी असेल, तर तव्याजवळ जाण्याची घाई अजिबात करू नये, कारण चटका बसल्याचे त्यांना कळणारही नाही.

पण बाई आहे म्हणजे तिला स्वयंपाकच हवा असेल, असे गृहीत धरू नकोस. हे मी मुद्दाम आग्रहाने लिहिते आहे, कारण आपल्याकडे हे फार सहज गृहीत धरले जाते. चाळीस वर्षे चुलीपुढे काढलेल्या एखादीला आता भजनी मंडळात जाऊन टाळ धरायचा असेल, आणि तेवढ्यासाठी ती जिना चढण्याचा सरावही मनापासून करील. ते विचारल्याशिवाय कळत नाही.

घरच्यांशी बोलणे हे सर्वांत नाजूक काम. ‘आता तुम्ही काही करू नका, आराम करा’ हे वाक्य प्रेमातूनच येते, पण त्यामुळे म्हाताऱ्या माणसाचे स्नायू लवकर झिजतात, दिवसा डुलक्या लागून रात्रीची झोप मोडते आणि आपली कोणाला गरज उरली नाही अशी भावना बळावते. म्हणून घरच्यांना सांग की त्यांना एक तरी काम पूर्णपणे परत द्या: सकाळी दूध आणणे, नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडणे, वाणसामानाचा हिशेब ठेवणे. न केले तर घरात अडेल असेच काम असावे, आणि ते सावकाश होत असेल तर कोणी पुढे होऊन हातातून काढून घेऊ नये.

नैराश्यात मात्र ‘आवडते ते करा’ एवढे सांगून भागत नाही, कारण आवडच नाहीशी झालेली असते. अशा वेळी इच्छेची वाट न पाहता छोटे, ठरलेल्या वेळेचे काम आधी सुरू करावे. उत्साह बहुधा कृतीच्या मागून येतो. औषधे आणि मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला चालूच राहिला पाहिजे, हेही घरच्यांना स्पष्ट सांग.

अमेरिकेत जन्मलेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचे देशातील पहिले विद्यालय उभे केले, तेव्हापासून ही विद्या आपल्याकडे रुजली आहे. तरी तिला अजूनही अनेक जण व्यायामाचाच एक प्रकार समजतात. त्याचे वाईट वाटून घेऊ नकोस. उद्यापासून प्रत्येक नव्या रुग्णाला, हाताची ताकद मोजण्याआधी, आजारापूर्वीचा त्याचा एक साधा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत सांगायला लाव. त्यातले कोणते काम सुटल्याची त्याला सर्वाधिक खंत आहे, ते टिपून ठेव आणि उपचाराचे पहिले उद्दिष्ट म्हणून त्याच्याच शब्दांत कागदावर लिही. अशा दोन-तीन नोंदी मला पाठव. पायऱ्या कशा पाडायच्या, ते आपण मिळून पाहू.

तुझी शुभचिंतक